खुडूक कोंबडीच्या पंखाखाली

मागच्या पावसाळ्यात खानवेलजवळ राहणाऱ्या माझ्या आत्याने तीस पिल्लं विकत घेतली. मोटारसायकलच्या मागे जाळीचे क्रेट बांधून एक माणूस गावोगाव फिरत होता. त्याच्याकडची पिल्लं एका दिवसाची होती, पिवळीधमक आणि सारखी चिवचिव करणारी. पाच-सहा महिन्यांत अंडी सुरू होतील, नाताळला घरचं कोंबडं कापता येईल, उरलेल्या पैशांत धाकट्याची फी भागेल, असा आत्याचा हिशोब होता. दहाव्या दिवशी मी गेले तेव्हा डालग्याखाली एकोणीस पिल्लं उरली होती. त्यातली चार-पाच पंख पाडून कोपऱ्यात उभी होती. त्यांच्या शेपटीखाली पांढरट घाण चिकटून सुकली होती. दुकानातून आणलेली पिवळी पावडर आत्या पाण्यात कालवत होती. मी विचारलं, "हे कसलं औषध?" ती म्हणाली, "अँटिबायोटिक. सगळे हेच देतात."

ओट्यावर बसलेल्या तिच्या सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी सांगितलं होतं, खुडूक कोंबडीखाली सोड. आईविना पिल्लू जगत नसतं."

मी हसले. मला वाटलं आजी उबेबद्दल बोलतायत, आणि ऊब तर साठ वॅटचा बल्बही देतो. पण ते वाक्य डोक्यात राहिलं. वाङ्मय शिकणाऱ्यांना एखादं वाक्य सोडवत नाही हा आमचा जुना आजारच आहे. म्हणून मी वाचत गेले, आमच्याच वर्गातल्या एकीच्या पशुवैद्य भावाला प्रश्न विचारून छळलं, आणि हळूहळू कळलं की आजी अर्ध्याहून जास्त बरोबर होत्या. पंखाखाली पिल्लाला ऊब मिळते, शिवाय जिवाणूही मिळतात. आणि 'प्रीबायोटिक' नावाच्या ज्या गोष्टीवर आज जगभरचे कुक्कुटपालक पैसे खर्च करतायत, ती एका अर्थाने या न मिळालेल्या आईची भरपाई आहे.

रिकामं घर

कोंबडीचं अंडं एकवीस दिवसांत उबतं. पिल्लू बाहेर येण्याच्या सुमाराला बलकाचा उरलेला भाग त्याच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते दोनेक दिवस खाण्या-पिण्याशिवाय तग धरतं. एका दिवसाची पिल्लं क्रेटमधून शेकडो किलोमीटर लांब पाठवता येतात ती यामुळेच. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे महाराष्ट्रात, देशात कुक्कुटपालनाचा मोठा धंदा उभा राहिला. त्या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी पिल्लाच्या पोटातली ही छोटी शिदोरी आहे.

पण बलक असलेल्या त्या पोटात आणखी एक गोष्ट असायला हवी, ती जवळपास नसते. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या आतड्यात जिवाणूंची वस्ती नाममात्रच असते. घर बांधून तयार, पण राहायला कोणी नाही, अशी स्थिती. जो आधी येईल तो खोली बळकावणार.

परसातलं पिल्लू आईच्या पायात घुटमळतं. ती जिथे उकरते तिथे टोचतं, तिच्या विष्ठेतले दाणे खातं, तिच्या पिसांत झोपतं. आपल्याला किळस येईल, पण याच मार्गाने मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले हजारो प्रकारचे स्थिरावलेले जिवाणू पहिल्या एक-दोन दिवसांत पिल्लाच्या पोटात जाऊन राहतात. घर भरतं.

हॅचरीतलं पिल्लू आईला कधी भेटतच नाही. अंडी धुरी देऊन निर्जंतुक केलेली, यंत्र निर्जंतुक, ट्रे निर्जंतुक. हे सगळं योग्यच आहे, नाहीतर एका अंड्यातला रोग हजार पिल्लांना होईल. पण त्या स्वच्छतेची एक किंमत असते. पिल्लाचं आतडं रिकामं राहतं, आणि त्यात पहिला कोण शिरणार हे नशिबावर जातं. क्रेटच्या पुठ्ठ्यावर, पहिल्या पाण्याच्या भांड्यात किंवा पहिल्या मूठभर खाद्यात जर साल्मोनेला असला, तर त्याला अडवायला आत कोणीच नसतं.

फिनलंडमधली साथ

ही कल्पना पहिल्यांदा नीट सिद्ध झाली ती फिनलंडमध्ये. १९७१ साली तिथे कोंबड्यांमध्ये साल्मोनेलाच्या एका प्रकाराची मोठी साथ पसरली, आणि ती कोंबडी खाणाऱ्या माणसांपर्यंत पोचली. एस्को नुर्मी आणि त्यांचे सहकारी रांताला यांना एक प्रश्न पडला. मोठ्या कोंबडीला लाखो साल्मोनेला पाजले तरी ती सहसा पचवते. मग एका दिवसाच्या पिल्लाला थोडेसे जिवाणूही का पुरतात? त्यांनी निरोगी मोठ्या कोंबडीच्या आतड्यातला ऐवज घेतला, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना पाजला आणि मग त्यांना साल्मोनेला दिला. ज्यांना तो ऐवज मिळाला होता त्यातली बरीचशी पिल्लं वाचली, म्हणजे त्यांच्या आतड्यात साल्मोनेला टिकला नाही. ज्यांना मिळाला नव्हता त्यांच्यात तो सुखाने वसला. १९७३ साली 'नेचर' या नियतकालिकात हे छापून आलं.

थोडक्यात, जागा भरलेली असली तर चोराला बसायला जागा मिळत नाही. आजींनी ओट्यावर बसून जे सांगितलं, तेच नुर्मींनी प्रयोगशाळेत दाखवलं. फरक एवढाच की आजींना त्यासाठी कोणी नियतकालिक दिलं नाही.

कोंबडीने माणसाला दिलेलं अक्षर

आतडं म्हणजे अन्न पचवायची नळी, एवढंच आपण शाळेत शिकतो. पण कोंबडीच्या बाबतीत ते तिच्या सैन्याचं सर्वात मोठं ठाणंही आहे. आपल्याला गळ्यात, काखेत, जांघेत गाठी असतात. आजारी पडल्यावर सुजतात त्या. त्या प्रतिकारशक्तीच्या छावण्या. कोंबडीला अशा गाठी नसतात. तिच्या छावण्या मुख्यतः आतड्याच्या भिंतीत आणि तिच्या आसपास विखुरलेल्या असतात.

त्यातली एक छावणी फार खास आहे. कोंबडीच्या गुदद्वाराच्या वरच्या बाजूला एक लहानशी पिशवी असते. सोळाव्या-सतराव्या शतकात इटलीतल्या पादुआ विद्यापीठात शिकवणाऱ्या फॅब्रिशियस यांनी तिचं वर्णन केलं आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६२१ साली छापलं गेलं. तिचं नाव पडलं 'फॅब्रिशियसचा बर्सा'. बर्सा म्हणजे लॅटिनमध्ये पिशवी किंवा बटवा. ही पिशवी काय करते हे पुढची तीनशेहून अधिक वर्षं कोणाला माहीत नव्हतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेत ओहायो इथे ब्रूस ग्लिक हा संशोधक विद्यार्थी कोंबड्यांचा बर्सा काढून पाहत होता. विशेष काही सापडत नव्हतं. त्याच विभागातल्या टिमथी चँग या दुसऱ्या विद्यार्थ्याला वर्गात प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. कोंबडीला साल्मोनेला टोचला की ती प्रतिपिंडं कशी तयार करते, ते. त्याने ग्लिककडच्या कोंबड्या उसन्या घेतल्या. प्रात्यक्षिक फसलं. काही कोंबड्या मेल्या आणि ज्या जगल्या त्यांच्यातल्या बर्सा नसलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडंच सापडेनात. वर्गासमोर फजिती झाली, पण विज्ञानाला एक मोठा शोध मिळाला. प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी या पिशवीत घडतात, हे त्यातून कळलं. हा निबंध १९५६ साली 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. कोरोनाच्या काळात आपण सगळ्यांनी 'बी पेशी' हा शब्द ऐकला. त्यातला 'बी' या बर्सातून आलेला आहे. म्हणजे आपल्या लसीच्या चर्चेत एक अक्षर कोंबडीचं होतं.

हा किस्सा इथे सांगायचं कारण असं की बर्सा आतड्याला उघडणारी पिशवी आहे. आतड्यातल्या ऐवजाचे बारीक कण तिच्यात ओढले जातात आणि तिथल्या कोवळ्या पेशी त्यांच्याकडे बघून शिकतात, की ओळखीचं काय आणि परकं काय. शाळाच म्हणा. कोंबडी वयात आली की शाळा बंद होते, बर्सा आक्रसतो. गंबोरो नावाचा रोग नेमका या शाळेवर हल्ला करतो, म्हणून त्यातून वाचलेलं पिल्लूही पुढे साध्यासुध्या रोगांना बळी पडतं.

आता पिल्लाच्या पहिल्या तीन आठवड्यांचा विचार करा. आईने बलकातून दिलेली प्रतिपिंडं त्याच्या रक्तात असतात. ती उसनी फौज दोन-तीन आठवड्यांत ओसरते. स्वतःची फौज अजून शिकतेय. मधल्या काळात एक खिंड उघडी असते. आत्याच्या अंगणातली पिल्लं त्याच खिंडीत उभी होती. शिकायला शाळा आहे, पण फळ्यावर लिहायला कोणी नाही, कारण आतड्यात जिवाणूच नाहीत. जिवाणूविरहित वातावरणात वाढवलेल्या पक्ष्यांची आतड्यातली प्रतिकारव्यवस्था कच्ची राहते, हे संशोधकांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पाहुणे आणि शिधा

आता मुख्य शब्दाकडे येऊ. प्रोबायोटिक आणि प्रीबायोटिक यांत माझा स्वतःचा बरेच दिवस घोळ होत होता. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत जिवाणू, दह्यातल्यासारखे. ते घरी येणारे पाहुणे. प्रीबायोटिक म्हणजे त्या जिवाणूंचं अन्न. तो घरातला शिधा. कोंबडीला तो पचत नाही, तो सरळ खाली जातो आणि आतड्यातल्या चांगल्या रहिवाशांना मिळतो. हा शब्द गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोघांनी १९९५ साली रूढ केला.

शब्द नवा, गोष्ट जुनी. आईच्या दुधात शेकडो प्रकारच्या अशा साखळी-साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत. मग आई त्या बनवते कशाला? बाळाच्या पोटातल्या बायफिडो जिवाणूंसाठी. आई बाळाला पाजते तेव्हा त्याच्या पोटातल्या जिवाणूंनाही पाजते. कोंबडीकडे दूध नाही. म्हणून कोंबडीच्या पिल्लासाठी हा शिधा दुसरीकडून आणावा लागतो.

तो येतो कुठून? कांदा, लसूण, केळं यांत फ्रुक्टोजच्या साखळ्या असतात. चिकोरीच्या मुळात इन्युलिन भरपूर असतं. आपल्या फिल्टर कॉफीत मिसळली जाते तीच चिकोरी, आणि ती शेजारच्या गुजरातमध्ये पिकते. गव्हा-तांदळाच्या कोंड्यातही अशा न पचणाऱ्या साखरा असतात. पाव फुगवायला वापरतो त्या यीस्टच्या पेशीभिंतीतून मॅनन नावाच्या साखरेच्या साखळ्या काढतात. कुक्कुटखाद्यात हा प्रकार सर्वात जास्त वापरला जातो, साधारण एक टन खाद्याला अर्धा ते दोन किलो.

पोटात गेल्यावर हा शिधा मुख्यतः तीन कामं करतो.

पहिलं काम भूल देण्याचं. साल्मोनेला आणि ई-कोलाय यांच्या अंगावर बारीक केसांसारखे हात असतात. त्या हातांना मॅनोज नावाची साखर पकडायची सवय असते, आणि आतड्याच्या भिंतीवर ती साखर असते. एकदा पकड बसली की जिवाणू तिथे मुक्काम ठोकतो. आता आतड्यात यीस्टची मॅननच मोकळी तरंगत असेल, तर जिवाणू भिंत सोडून तिलाच पकडतो आणि विष्ठेबरोबर बाहेर पडतो. १९८९ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी पिल्लांच्या पिण्याच्या पाण्यात मॅनोज मिसळून पाहिली तेव्हा आतड्यात साल्मोनेलाची वस्ती कमी झालेली दिसली. यात जिवाणू मारला जात नाही, फसवला जातो. त्यामुळे औषधाला तो जसा सरावतो तसा इथे सरावण्याचा धोकाही कमी.

दुसरं काम पोसण्याचं. कोंबडीच्या लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर दोन बंद पिशव्या असतात. अर्धवट पचलेलं अन्न तिथे बराच वेळ मुरतं, जसं इडलीचं पीठ रात्रभर आंबतं. प्रीबायोटिक तिथे पोचलं की लॅक्टोबॅसिलस, बायफिडो असे जिवाणू त्यावर जगतात आणि आम्लं तयार करतात. आम्लामुळे साल्मोनेलाला राहणं अवघड होतं. यातलं ब्युटिरेट नावाचं आम्ल तर दुहेरी कामाचं आहे. ते आतड्याच्या पेशींचं इंधन आहे, म्हणजे भिंत दुरुस्त ठेवतं. शिवाय साल्मोनेलाला भिंतीत घुसायला जी जनुकं लागतात ती ब्युटिरेटच्या सान्निध्यात मंदावतात. चोर अंगणात आला तरी त्याच्या हातातली पहार बोथट होते.

तिसरं काम शिकवण्याचं. आतड्यातली वस्ती वाढली की भिंतीतल्या पेशींना रोज नवे चेहरे दिसतात. त्या चिकट द्रव जास्त स्रवतात, भिंतीतल्या फटी घट्ट होतात, आणि आयजीए नावाची प्रतिपिंडं आतड्याच्या पृष्ठभागावर वाढतात. ही प्रतिपिंडं रक्तात वाट बघत बसत नाहीत, दारातच उभी राहतात. यीस्टच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन तर गस्त घालणाऱ्या भक्षक पेशींना थेट जागं करतं. बर्साच्या शाळेला शेवटी फळा मिळाला, असं म्हणता येईल.

पोलंडमधल्या संशोधकांनी तर याच्याही पुढे जाऊन पाहिलं. अंडं उबत असताना बाराव्या दिवशी त्याच्या हवेच्या पोकळीत प्रीबायोटिकचे थेंब सोडायचे, म्हणजे पिल्लू जन्माला येतानाच तयारीत असेल.

पिवळी पावडर

एवढी खटपट कशाला, अँटिबायोटिक आहेच की, असं कोणी म्हणेल. माझी आत्या हेच म्हणाली.

१९४०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लेडर्ले कंपनीत जूक्स आणि स्टोकस्टॅड यांना दिसलं की ऑरिओमायसिन बनवताना उरलेला चोथा पिल्लांना दिला तर ती भराभर वाढतात. याच कंपनीच्या संशोधनाचं नेतृत्व आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव करत होते आणि ऑरिओमायसिन त्यांच्याच काळातलं. तेव्हापासून जगभर कोंबडीच्या खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक मिसळायची पद्धत पडली. पक्षी आजारी नसला तरीही. तो लवकर वजन धरतो, मर कमी होते, धंदा परवडतो.

पण थोड्या मात्रेत रोज दिलेलं औषध जिवाणूंना मारून टाकत नाही, त्यांना तालीम देतं. जे उरतात ते त्या औषधाला दाद न देणारे. ते जिवाणू खुराड्यात राहत नाहीत. विष्ठेतून शेतात, पाण्यात, हातावर, चॉपिंग बोर्डवर येतात. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक द्यायला पूर्ण बंदी केली. स्वीडनने तर १९८६ सालीच केली होती. भारतात जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत, कोंबड्यांत आणि माशांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी आणली. कोलिस्टिन हे माणसाच्या अतिदक्षता विभागात, बाकी सगळी औषधं हरल्यावर काढायचं शेवटचं हत्यार. ते आपण कोंबडीला पाण्यातून पाजत होतो.

आत्याच्या पावडरीत काय होतं ते पाकिटावरून मला नीट कळलं नाही. पण तिने काय केलं ते कळलं. पिल्लांच्या पोटात जी चार-दोन चांगली बिऱ्हाडं नुकती येऊन राहत होती, त्यांनाही तिने घराबाहेर काढलं. घर पुन्हा रिकामं झालं. यात तिचा दोष नाही. ज्याने पावडर विकली त्याने "सगळे हेच देतात" एवढंच सांगितलं होतं.

जे होत नाही तेही सांगायला हवं

प्रीबायोटिक म्हणजे रामबाण, असं वाटायला लागलं असेल तर थांबा. जाहिराती तसं म्हणतात, विज्ञान म्हणत नाही. प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. काही ठिकाणी साल्मोनेला कमी होतो, काही ठिकाणी फरकच दिसत नाही. त्याची कारणं समजण्यासारखी आहेत. कोंबडीचं वय, खाद्यात आधीच काय आहे, मात्रा किती, खुराडं किती स्वच्छ, यावर सगळं अवलंबून. अगदी चकाचक प्रयोगशाळेत जिथे रोगच नाही तिथे सैन्य तयार करून काय दिसणार? मात्रा जास्त झाली तर आतड्यात नको तितकं आंबतं आणि हगवण लागते. कांद्यात प्रीबायोटिक असतं म्हणून कोंबडीला कांद्याच्या टोपल्या घालू नयेत, जास्त कांद्याने तिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

शिवाय शिधा देऊन उपयोग तेव्हाच, जेव्हा घरात कोणीतरी खाणारं असतं. ज्या आतड्यात चांगले जिवाणू पोचलेच नाहीत तिथे नुसतं प्रीबायोटिक कमी पडतं. म्हणून अनेकदा दोन्ही एकत्र देतात, पाहुणे आणि शिधा.

आणि काही शत्रू या सगळ्याच्या पलीकडचे आहेत. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा विषाणूचा रोग. त्याला लसच हवी. गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या नंदुरबारच्या नवापुरात फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि २०२१ साली तेच संकट तिथे पुन्हा आलं. त्यापुढे कुठलंही आतडं कितीही भरलेलं असून चाललं नसतं. रक्ती हगवण करणारे परजीवी ओल्या तुसात वाढतात, तिथे पहिला उपाय कोरडी गादी हाच.

आणि आजींचंही अर्धंच बरोबर, असं मी सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. आई चांगले जिवाणू देते तसे वाईटही देते. तिला साल्मोनेला असेल, तिच्या विष्ठेत परजीवी असतील, तर पिल्लाला तेही वारशाने मिळतात. जुन्या गोष्टीत सगळं सोनं होतं असं नाही. पण त्यात काय सोनं होतं हे न बघता आपण सगळंच फेकलं, हे मात्र खरं.

शेवटी आत्याकडे

तीसपैकी अकरा पिल्लं जगली. ती कशाने मेली ते कोणी तपासलं नाही, त्यामुळे 'अमुक दिलं असतं तर वाचली असती' असं मी म्हणणार नाही. पण यंदा आत्याने वेगळं केलं. पिल्लं आणण्याआधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन लसीचं वेळापत्रक विचारलं. तूस कोरडं ठेवलं, पाण्याचं भांडं रोज घासलं. डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, यीस्टवालं प्रीबायोटिक खाद्यात मिसळलं. पिवळी पावडर आणली नाही. आणि घरची एक निरोगी कोंबडी खुडूक बसलेली होती, रात्री अंधारात तिच्याखाली पिल्लं सरकवली. अंधारात का, तर तिला परकी वाटू नयेत. ही युक्ती आजींची.

या महिन्यात मी गेले होते. कोंबडी अंगणात उकरत होती आणि तिच्या मागे पिल्लांची रांग होती. किती जगतील ते अजून सांगता येत नाही, पावसाळा बाकी आहे.

शुभवर्तमानात येशू जेरुसलेमकडे बघून व्याकुळ होतो तेव्हा स्वतःला राजाची नाही, मेंढपाळाचीही नाही, तर पिल्लांना पंखाखाली गोळा करू पाहणाऱ्या कोंबडीची उपमा देतो. लहानपणापासून मिस्सात ते ऐकताना मला नेहमी वाटायचं, पंखाखाली म्हणजे सुरक्षित, म्हणजे घारीपासून लपलेलं. आता त्यात एक अर्थ वाढला. पंखाखाली पिल्लू फक्त लपत नाही. जे पुढे आयुष्यभर त्याला आतून राखणार आहे, ते तिथे त्याच्या स्वाधीन केलं जातं.

आजींना मी नुर्मींची गोष्ट सांगितली. फिनलंडमधल्या शास्त्रज्ञाने तुमचंच म्हणणं सिद्ध केलं, म्हटलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "त्यांच्याकडे पण खुडूक कोंबड्या होत्या ना? मग?"